मुलाच्या मोबाइलमध्ये वय वाढवलेलं आधार सापडलं तर

पाचोरा तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सोळा वर्षांचा, अकरावी सायन्सला, जळगावला खोली करून राहतो. सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या मोबाइलमध्ये त्याच्याच आधार कार्डाचा फोटो सापडला. नाव तेच, फोटो तोच, पत्ता तोच. जन्मसाल मात्र २००९ चं २००४ केलेलं. खोलीवरच्या एकोणीस वर्षांच्या मित्राने करून दिलं, असं तो सांगतो. वडील म्हणतात, "त्याले काय व्हस, सगळाच करतस." (म्हणजे, त्याने काय होतं, सगळेच करतात.) ताईंना विचारायचंय: मुलगा जेलमध्ये जाईल का, पुढे पोलीस भरतीला आडवं येईल का, आणि आत्ता करायचं काय?

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. तुमचा मुलगा जेलमध्ये जाणार नाही. मी जळगाव जिल्ह्यात वकिली करते, बाल न्याय मंडळापुढे मुलांची प्रकरणं चालवते, त्यामुळे हे खात्रीने सांगते. अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, जेलमध्ये पाठवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. पण म्हणून यजमानांचं म्हणणं बरोबर ठरत नाही. धोका आहे, आणि मोठा आहे. फक्त तो तुम्ही शोधताय तिथे नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान (भादंवि) जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ३३७ मध्ये सरकारने दिलेल्या ओळखपत्राची बनावट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि त्यात मतदार ओळखपत्र आणि आधार यांची नावं घेऊन उल्लेख आहे. शिक्षा सात वर्षांपर्यंत. बनावट कागद खरा म्हणून वापरला तर कलम ३४० प्रमाणे वापरणाऱ्यालाही बनवणाऱ्याइतकीच शिक्षा. वापरला नाही, पण वापरायच्या इराद्याने जवळ ठेवला, तरी कलम ३३९ आहे. मोबाइलमधला फोटो म्हणजे 'नुसता फोटो' असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. इलेक्ट्रॉनिक नोंदही या कलमांत येते.

हे सगळं मोठ्या माणसासाठी. तुमच्या मुलाला बाल न्याय कायदा, २०१५ लागू होतो. त्यात गुन्ह्यांच्या तीन पायऱ्या आहेत: किरकोळ, गंभीर आणि निर्घृण. सोळा ते अठरामधल्या मुलावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही, हा विचार फक्त निर्घृण गुन्ह्यात होतो; म्हणजे जिथे कमीत कमी शिक्षाच सात वर्षं आहे, तिथे. बनावट आधार त्यात बसत नाही. तुमचं प्रकरण मंडळापुढे आलंच तर समोर एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक सदस्य असतील. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) घरी येऊन चौकशी करतील, बहुतेक वेळा समुपदेशन होईल, समज दिली जाईल, काही काळ देखरेख राहील.

आता यातली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण ही वकिलांनाही पुष्कळदा सांगावी लागते. मूल एकटंच असेल आणि गुन्हा निर्घृण नसेल तर पोलिसांनी एफआयआर नोंदवायचाच नसतो. स्टेशन डायरीत नोंद करायची आणि मुलाचा सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाकडे पाठवायचा, असा नियम आहे. पण त्याच गुन्ह्यात सज्ञान माणूस सोबत असेल तर एफआयआर होतो. तुमच्या मुलासोबत तो एकोणीस वर्षांचा मित्र आहे.

त्या मित्राचा विचार करून मला जास्त काळजी वाटते. त्याला बाल न्याय कायद्याचं छत्र नाही. त्याच्यावर नेहमीसारखा गुन्हा, अटक, जामीन, मग वर्षानुवर्षं तारखा. मोबाइलवर पाच मिनिटांत आकडा बदलून दिला, फार तर एका पार्टीचे पैसे वाचवले, आणि आयुष्यभर 'बनावट दस्तऐवज तयार करणे' हे शब्द त्याच्या नावापुढे. त्याचे आईवडीलही तुमच्यासारखेच कुठल्या तरी गावात कपाशी वेचत असतील. त्यांच्याशी तुम्ही बोलाल तर त्या मुलावर उपकारच होतील.

आता २००४ या आकड्याकडे पाहा. मुलाला अठराचं दिसायचं असतं तर २००७ पुरलं असतं. सिम कार्ड, लॉज, गाडी भाड्याने घेणं, सगळं अठरावर होतं. २००४ म्हणजे एकवीस पूर्ण. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस वर्षं लागतात, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूसाठी पंचवीस. म्हणजे हे आधार बहुतेक परमिट रूमच्या दारात दाखवण्यासाठी बनलंय. तुम्ही मुलाला 'का केलंस' असं विचारलंत तर तो 'असंच, गंमत' म्हणेल. 'एकवीसच का केलंस' असं विचारा. मारून-ओरडून जे कळणार नाही ते या प्रश्नाने कळेल.

मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाने भरधाव गाडीखाली दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला, ते तुम्ही टीव्हीवर पाहिलंच असेल. त्या प्रकरणात मुलाला दारू देणाऱ्या बारवाल्यांनाही अटक झाली. बालकाला दारू देणं हा बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. साहजिकच बारवाले आता अंगावर घेत नाहीत. ओळखपत्र मागतात, त्याचा फोटो काढून ठेवतात. उद्या काही घडलं तर 'आम्ही आधार पाहिलं होतं' म्हणून तोच फोटो ते पोलिसांपुढे ठेवणार. तुमच्या मुलाविरुद्धचा पुरावा त्यानेच त्यांच्या हातात दिलेला असेल.

आणि पकडायला किती वेळ लागतो? आधारवर जो चौकोनी क्यूआर कोड असतो, त्यात नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो आधार प्राधिकरणाच्या डिजिटल सहीसह बंद केलेले असतात. वरचा आकडा बदलला तरी कोडच्या आत जुनंच साल राहतं. प्राधिकरणाच्या अॅपने स्कॅन केलं की दोन सेकंदांत २००९ पडद्यावर येतं. मुलं हे लक्षातच घेत नाहीत. काही जण हुशारीने कोड कापून टाकतात किंवा फोटोत धूसर करतात. मग तर पाहणाऱ्याचा संशय आणखी वाढतो, आणि चौकशीत 'हे जाणूनबुजून केलं' हे सिद्ध करायला त्याच धूसर कोडचा उपयोग होतो.

मित्राने घरगुती बनवून दिलं असेल तर एक बरं आहे: कागद बाहेर गेलेला नाही. पण हे नीट विचारून घ्या, कारण अनेक मुलं इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाकडून बनवून घेतात. तिथे काय होतं ते सांगते. तो आधी खरं आधार मागतो, दोन्ही बाजूंनी. मग स्वतःचा स्पष्ट फोटो, सहीचा फोटो, आणि कधी 'व्हेरिफिकेशनसाठी' ओटीपी. आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा आईचा किंवा वडिलांचा असतो, म्हणजे तो ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो आणि मुलगा हळूच वाचून पाठवतो. इतकं दिल्यावर त्या माणसाला खोटं कार्ड बनवण्याची गरजच उरत नाही. त्याच्याकडे तुमच्या घरातला खरा माणूस आलेला असतो. त्या कागदांवर कुणीतरी कर्ज उचलतो, कुणी सिम काढतो. काही दिवसांनी मुलाला मेसेज येतो: 'आणखी दोन हजार पाठव, नाहीतर तू बनावट आधार मागितल्याचे स्क्रीनशॉट तुझ्या कॉलेजला आणि पोलिसांना पाठवतो.' घाबरलेलं मूल पाठवतं. पुन्हा मेसेज येतो. वडिलांच्या खात्यातून कपाशीचे पैसे कमी होत जातात आणि घरात कुणाला पत्ता नसतो. माझ्याकडे आलेल्या पालकांना मी सांगते, मुलाने खोटं आधार केलं याचा राग नंतर काढा, आधी तो कुणाच्या तावडीत आहे का ते पाहा.

याच वाटेने बँक खात्यांचा धंदा चालतो. फसवणुकीचा पैसा फिरवायला ठगांना दुसऱ्याची खाती आणि सिम लागतात. कॉलेजच्या पोरांना दोन-तीन हजार देऊन खातं 'भाड्याने' घेतात. मग एक दिवस तेलंगणा किंवा हरियाणातून पोलीस गावात येतात, खातं गोठलेलं असतं, आणि मुलाला कळतही नाही की कुठल्या म्हाताऱ्याची आयुष्यभराची पुंजी आपल्या खात्यातून पुढे गेली. बनावट कागदांनी सिम घेणं हा दूरसंचार कायदा, २०२३ खाली वेगळा गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड. पन्नास लाख हा आकडा मी मुद्दाम सांगते, कारण पालकांना तो ऐकल्यावरच विषयाचं वजन कळतं.

पण ताई, मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते आता सांगते. वय खोटं लिहून मुलाला मोठ्यांचे हक्क मिळत नाहीत. कायदा प्रत्येक वेळी खरंच वय मोजतो. मात्र मूल म्हणून त्याच्याभोवती जे संरक्षण आहे, ते खोट्या कागदाने त्याच्या ऐन गरजेच्या वेळी सैल पडतं. हे तीन ठिकाणी मी फार जवळून पाहते.

पहिलं ठिकाण म्हणजे गाडी. सोळा वर्षांच्या मुलाला कायद्याने फक्त पन्नास सीसीपर्यंतची मोटरसायकल चालवता येते, आणि तसल्या गाड्या आता दुकानात दिसत नाहीत. म्हणून मुलं अठराचं दाखवून भाड्याने गाडी घेतात किंवा घरचीच नेतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला कलम १९९-अ घातलं गेलं. अल्पवयीनाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो: तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. एवढ्यावर भागत नाही. अपघातात कुणी गेलं तर दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात येतो. पुष्कळ प्रकरणांत विमा कंपनीला 'आधी मृताच्या कुटुंबाला पैसे द्या आणि मग गाडीमालकाकडून वसूल करा' असा आदेश होतो, कारण चालवणाऱ्याकडे वैध लायसन्स नव्हतं. वसुली निघते बापाच्या नावाने. रावेर-यावलकडच्या केळीच्या शेतावर असा बोजा चढल्यावर त्या माणसाचा चेहरा कसा होतो, ते मी कोर्टाच्या बाकावर पाहिलंय. आणि समोरच्या बाकावर मेलेल्या माणसाची बायको बसलेली असते, तिचंही काही चुकलेलं नसतं.

दुसरं ठिकाण काम. आपल्याकडून सुरतेला जाणाऱ्यांची रीघ जुनी आहे. धुळे-नंदुरबारची, अमळनेर-पारोळ्याकडची किती घरं उधना-लिंबायतला वसली आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. जळगावच्या एमआयडीसीत चटईचे कारखाने, दाळमिल, पाइपचे कारखाने आहेत. दहावीनंतर शिक्षण सुटलं की मुलगा कामाला लागतो आणि ठेकेदार म्हणतो, 'आधारवर अठरा करून आण, नाहीतर थोरल्या भावाचं आण.' चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही, चौदा ते अठराच्या मुलाला धोक्याच्या कामावर लावता येत नाही, हे ठेकेदाराला चांगलं माहीत असतं. खोटं आधार म्हणजे त्याच्या बचावाचा कागद. मशीनमध्ये बोटं गेली की तो तोच कागद पुढे करतो: 'आम्हाला याने अठरा सांगितलं, आम्ही फसलो.' आणि भावाच्या आधारवर काम केलं असेल तर गोंधळ आणखी वाढतो. हजेरी भावाच्या नावाने, विमा कार्ड भावाच्या नावाने, दवाखान्याच्या केसपेपरवरही भावाचंच नाव. हात गेलेला मुलगा मात्र हा. नुकसानभरपाई मागायला गेलं की आधी 'जखमी कोण' हेच सिद्ध करत बसावं लागतं, आणि त्यात भावावरही बनावटगिरीचा ठपका येतो. कुटुंब बहुतेक वेळा घाबरून दावाच सोडून देतं. ठेकेदाराला नेमकं तेच हवं असतं.

तिसरं ठिकाण लॉज. हे लिहायला अवघड आहे, पण मुलगे-मुली दोघांच्या आयांनी वाचावं. सतरा वर्षांच्या मुलीचं वय आधारवर एकोणीस करतात आणि एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा तिला घेऊन जातो. दोघांचं एकमेकांवर प्रेम असेलही. पण पोक्सो कायद्यात, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, अठराखालच्या मुलीची संमती ही संमतीच नाही. मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली की लॉजच्या रजिस्टरमधली ती आधारची झेरॉक्स जप्त होते आणि मुलगा आत जातो. शिक्षा कमीत कमी दहा वर्षं, मुलगी सोळाच्या आतली असेल तर वीस. 'मी आधार पाहिलं होतं, मला खरंच वाटलं' हा बचाव खटल्यात सिद्ध करावा लागतो, तोपर्यंत तो कोठडीत असतो. आणि ते आधार त्यानेच बनवलं असेल तर बचाव तर जातोच, वर बनावटगिरीचं कलम लागतं. उलट मुलीच्या बाजूनेही पाहा. तिला कुणी जबरदस्तीने, फसवून नेलं असेल तर हेच खोटं आधार दाखवून समोरचा वकील म्हणतो की ही स्वतः कागद बनवून आली होती. वयामुळे खटला टिकतो, पण त्या उलटतपासणीत पोरीचे जे हाल होतात ते मी पाहू शकत नाही.

खरं वय ठरतं कशावर? अनेकांना वाटतं आधारवर. तसं नाही. आधार प्राधिकरणानेच सांगितलंय की आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच धरलं. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मध्ये क्रम दिलाय: आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेचा जन्मदाखला, काहीच नसेल तर हाडांची वैद्यकीय तपासणी. कोर्टात शाळेचे मुख्याध्यापक किंवा लिपिक ते जाडजूड जनरल रजिस्टर कापडात गुंडाळून घेऊन येतात, पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशीची ओळ उघडतात, शाईने लिहिलेली तारीख वाचून दाखवतात. तिथे मोबाइलमधला कुठलाच आकडा टिकत नाही.

याच रजिस्टरमुळे दुसरी एक लबाडी उघडी पडते. मुलगा अठरा वर्षं दोन महिन्यांचा असतो, मारामारीत नाव येतं, आणि कुणीतरी गावातला शहाणा वडिलांना सांगतो, 'वय कमी दाखवणारं बोनाफाईड आणा, बाल न्याय मंडळात जाईल.' वडील आणतात. रजिस्टर उघडलं की तारीख जुळत नाही. मुलाची केस तशीच राहते आणि आता वडिलांवर नवीन गुन्हा. कुणीही, कितीही ओळखीच्या माणसाने असं सुचवलं तरी नाही म्हणा.

इथे १ जूनचा प्रश्न येतो. आपल्या गावांत शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने १ जून लिहिलेली माणसं घरटी सापडतात. खरा जन्म एका तारखेचा, दाखल्यावर दुसरी, आधारवर तिसरी. ही बनावट नव्हे, ही नोंदीतली तफावत आहे, आणि ती दुरुस्त करायला सरळ रस्ता आहे. ग्रामपंचायतीतला जन्मदाखला काढा, मुलगा शाळेत असतानाच मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव द्या. शाळा सुटल्यावर हे फार अवघड होतं, म्हणून नववी-दहावीआधीच करा. दाखला ठीक झाला की त्यावर आधार दुरुस्त करा. आधारमध्ये जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, तेव्हा ती संधी चुकीच्या कागदावर घालवू नका. सेतूत किंवा सेवा केंद्रात जो कुणी 'वरून पैसे द्या, मागाल ती तारीख टाकतो' म्हणेल त्याच्यापासून दूर राहा. दुसऱ्याची जन्मतारीख लबाडीने बदलणं आधार कायद्यातही गुन्हा आहे.

एक बोलू का? मुलं हे आपल्याकडूनच शिकतात. आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की गावोगाव लग्नं निघतात, आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या आधारवर एकोणीस करून आणणारे तिचे बाप-काका असतात. मुलगी अठरा, मुलगा एकवीस, हा कायदा सगळ्यांना पाठ आहे म्हणूनच तर आकडा बदलतात. ग्रामसेवक हा गावाचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. तो आला की त्याच्यापुढे ते आधार ठेवतात. पुढे त्या पोरीचं बाळंतपण सरकारी दवाखान्यात होतं, तिथे शाळेच्या दाखल्यावरून खरं वय निघतं, दवाखान्याला पोलिसांना कळवावं लागतं, आणि नवऱ्यावर पोक्सो लागतो. कडेवर तान्हं बाळ घेऊन, नवऱ्याला सोडा म्हणून कोर्टाच्या पायऱ्यांवर बसलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुली मी पाहते तेव्हा मला त्या पोरींचा नाही, आकडा बदलणाऱ्या हातांचा संताप येतो. ज्या घरात बहिणीचं आधार असं बदललं गेलं, त्या घरातल्या मुलाला आपण कुठल्या तोंडाने सांगणार?

आता भरती. तुमच्या मुलाला पोलीस भरतीची ओढ आहे, हे वाचून बरं वाटलं. आपल्या भागातली किती तरी पोरं पहाटे मैदानावर धावताना दिसतात. बाल न्याय कायद्याच्या कलम २४ प्रमाणे बालपणीच्या अशा प्रकरणामुळे पुढे अपात्रता येत नाही, आणि अपिलाची मुदत संपल्यावर नोंदीही नष्ट करायच्या असतात. एका निमलष्करी दलाच्या भरतीत अल्पवयातल्या जुन्या प्रकरणामुळे उमेदवाराला नाकारलं होतं. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उमेदवाराच्या बाजूने निकाल दिला. पण हे संरक्षण अठरापर्यंतच. अठरा पूर्ण झाल्यावर त्याने हेच आधार एकदा जरी वापरलं तरी तो सज्ञान गुन्हेगार. मग निवडीनंतर साक्षांकन नमुना (चारित्र्य पडताळणीचा फॉर्म) भरताना ते लिहावं लागेल. लपवलं तर लपवलं म्हणून निवड रद्द होऊ शकते. मैदानी चाचणीत पैकीच्या पैकी गुण घेतलेली मुलं चारित्र्य पडताळणीत थांबतात तेव्हा ते पाहवत नाही. तुमचा मुलगा सोळाचा आहे, हे या घडीला तुमच्या बाजूने आहे. थांबायला आत्ता वेळ आहे.

आता करायचं काय. मारू नका, मोबाइल फोडू नका, शेजारी-पाजारी बोलू नका. रात्री जेवणं झाल्यावर तुम्ही दोघांनी त्याला घेऊन बसा आणि विचारा: बनवलं कुणी, पाठवलं कुणाकुणाला, दाखवलं कुठे. यजमानांनाही बसवा, कारण 'त्याले काय व्हस' हे त्याने त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे आणि ते त्यांनीच मागे घ्यायला हवं.

ते कुठेही दाखवलेलं नसेल, मित्राच्या आणि त्याच्या मोबाइलबाहेर गेलं नसेल, तर दोन्हीकडून काढून टाकायला सांगा, व्हॉट्सअॅप आणि गूगल फोटोमधूनही, आणि विषय तिथेच मिटवा. पोलिसांकडे जायची गरज नाही. पण कुठे वापरलं असेल, किंवा कुणी पैसे मागत असेल, तर काहीही डिलीट करू नका. ते पुरावे आहेत, आणि धमकीच्या प्रकरणात ते तुमच्या मुलाचे पुरावे आहेत. चॅट, नंबर, पैसे गेल्याच्या नोंदी सांभाळून ठेवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. पहिल्या काही तासांत केला तर पैसे मधेच अडवता येण्याची शक्यता जास्त असते. संचार साथी पोर्टलवर तुमचा नंबर टाकून तुमच्या नावावर किती सिम आहेत ते तपासा; अनोळखी दिसलं तर तिथेच कळवा. आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका, आणि आधार कुठे कुठे वापरलं गेलं याचा इतिहास प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहा. ओटीपी बाहेर गेला असेल तर तुमचा आणि यजमानांचा क्रेडिट रिपोर्टही काढा, कुठलं नकळत कर्ज दिसतंय का बघायला.

पोलीस स्टेशनमधून बोलावणं आलं तर एकट्या मुलाला पाठवू नका. बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा; त्यांनी साध्या वेशात, मुलाशी सौम्यपणे बोलायचं असतं, पालकांना कळवायचं असतं, आणि ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मंडळापुढे हजर करायचं असतं. कोऱ्या कागदावर सही करू नका. मुलाचं नाव-फोटो कुठल्या बातमीत किंवा गावाच्या ग्रुपवर टाकणं हाही गुन्हा आहे. कुणी टाकलं तर स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. महिला आणि मुलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करा किंवा कोर्टाच्या आवारातल्या कार्यालयात या. मुलाची मनःस्थिती बिघडलेली वाटली, तो जेवत-झोपत नसेल, तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर बोला.

आणि जळगावच्या त्या खोलीचं बघा. सोळा वर्षांची मुलं मोठ्या मुलांसोबत, कुणी वडीलधारं नसताना राहतात, तिथे शनिवारच्या रात्री काय चालतं हे कुणालाच माहीत नसतं. खोली बदला असं मी म्हणणार नाही, अकरावीत ते परवडतही नाही. पण यजमानांनी महिन्यातून दोनदा, न सांगता, डबा घेऊन जावं आणि एक रात्र तिथेच मुक्काम करावा.

विधी सेवा कार्यालयात येताना शाळेच्या दाखल्याची मूळ प्रत, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, मुलाचं खरं आधार आणि त्याचा मोबाइल आणा. मुलालाही सोबत आणा, त्याच्याशी मला वेगळं बोलायचं आहे.